सासूबाईंसाठी वसंताचे प्रश्न

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी माझी बायको ऑफिसात कोसळली. संध्याकाळी हॉस्पिटलात ती वारली. शुक्रवारी दहन झालं. दहनानंतर इथं जपानात नातेवाईक चॉपस्टिकनं अस्थी उचलून कलशात ठेवतात, दोघांनी मिळून एक. पहिली अस्थी सासूबाईंनी आणि मी उचलली. शनिवारी सकाळी सासूबाई उठल्या, स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "ती अजून उठली नाही वाटतं?"

मी सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या आणि खूप वेळ रडल्या. दुपारी जेवताना त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं आणि त्या पुन्हा पहिल्यापासून रडल्या. त्यांचा विसरण्याचा आजार तसा जुना. गॅस बंद करायचा राहणं, कोबी घरात असताना आणखी दोन कोबी आणणं, इथवर आम्हाला तो माहीत होता. एकुलती एक मुलगी गेल्याचंही तो पुसून टाकील आणि ती बातमी रोज मलाच द्यावी लागेल, हे डोक्यात आलं नव्हतं.

सासूबाई दिवसा म्हाताऱ्या माणसांच्या एका केंद्रात जातात. सकाळी व्हॅन येते, तिथं आंघोळ घालतात, जेवू घालतात, खेळ घेतात आणि चार वाजता घरी आणून सोडतात. आठवड्याभरानं तिथल्या बाईंनी मला बाजूला घेतलं.

"खरं सांगता हे चांगलंच आहे," त्या म्हणाल्या. "पण ते त्यांच्याजवळ राहत नाही. रडणं तेवढं राहतं. कशासाठी रडत होतो ते आठवत नाही, म्हणून मग घाबरतात. त्यांना पेलेल असं काहीतरी सांगून बघा."

त्या संध्याकाळी सासूबाईंनी विचारल्यावर माझ्या तोंडून निघालं, "ती भारतात गेली आहे. माझ्या आईला बरं नाही."

"असं होय," त्या म्हणाल्या आणि पुढ्यातलं सूप प्यायल्या. सासूच्या आजारपणात सून मदतीला गेली, यात त्यांना विचित्र काही वाटलं नाही. उलट मुलीचं थोडं कौतुकच वाटलं असावं.

तेव्हापासून माझी बायको पुण्यात माझ्या आईजवळ आहे आणि मी कोबेत तिच्या आईजवळ.

माझी आई ठणठणीत आहे. ब्याऐंशीव्या वर्षी स्वतःची पोळी स्वतः लाटते. रविवारी तिचा फोन येतो. "आता ये की रे," ती म्हणते. "मुलगी होती तोवर नातं होतं. आता तू तिथं कुणाचा कोण?"

"आई, त्यांना दुसरं कुणी नाही."

"आणि मला कोण आहे? एक बाई येते भांड्यांना, तीही निम्मे दिवस दांड्या मारते."

 खोटं आजारपण तुझ्या नावावर लावलंय, हे मी तिला पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं.  ती म्हणाली, "लाव बाबा. नुसतं आजारपणच आहे. पण मेलेल्या सुनेला माझ्याकडे कामाला जुंपलंस, ते काही बरं केलं नाहीस."

मी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे अनुवाद करतो. काम घरी बसून असतं. सासूबाई बाहेर पडल्या तर कळावं म्हणून दाराला घंटा लावली आहे. मी बाहेर पडलो तरी ती वाजते, आणि आतून आवाज येतो, "कुठं निघालात?" कचरा ठेवायला, असं सांगून मी जातो आणि खरोखरच कचरा ठेवून परत येतो. कोबेत वर डोंगर आणि खाली समुद्र. लोक रस्ता सांगतानासुद्धा डोंगराची बाजू, समुद्राची बाजू असंच म्हणतात. आमचं घर या दोहोंच्या मध्ये, चढावर आहे. त्या हिवाळ्यात डोंगराकडे मी एकदाच गेलो, समुद्राकडे नाहीच.

बैठकीच्या खोलीत, गेलेल्या सासऱ्यांसाठी मांडलेला देव्हारा आहे. लाकडी कपाटासारखा, आत त्यांच्या नावाची पाटी, फोटो आणि भाताची छोटी वाटी. बायकोची पाटी आणि फोटो त्यांच्याशेजारी ठेवायला हवे होते. भारतात गेलेल्या माणसाचा फोटो तिथं कसा ठेवणार? मी तो पाटीसकट माझ्या टेबलाच्या खणात ठेवला, शब्दकोशांच्या खाली. साडेनऊला व्हॅन गेली की खण उघडायचा आणि चारच्या आत बंद करायचा. माझं सुतक असं केंद्राच्या वेळापत्रकावर चालत होतं. चारनंतर मी अशा बाईचा नवरा असे जी मजेत आहे, फक्त लांब आहे. "आज फोन आला होता का तिचा?" "आला होता." "काय म्हणाली?" मग रोज काहीतरी म्हणायला लावावं लागे. पुण्यात ऊन वाढलंय. आईनं तिला पुरणपोळी शिकवली. एकदा मी तिला सर्दीही करून दिली.

मला फार काही नको होतं. तिचा फोटो घरात उघड्यावर ठेवता यावा आणि त्याच्यासमोर माझ्याशेजारी तिला ओळखणारं दुसरं कुणी बसावं. तिला जन्मापासून ओळखणारं माणूस घरातच होतं, आणि नेमकं त्याच माणसापासून तो फोटो लपवायचा होता.

मार्चच्या सुरुवातीला केंद्रातल्या बाईंनी विचारलं, वसंत ऋतूवर आमच्या लोकांसाठी प्रश्नांचा खेळ घ्याल का? दर ऋतूला त्या असा तास घेत. पण तेच प्रश्न, तीच उत्तरं, आणि विचारणारीही तीच.

"तुम्ही पुस्तकं वाचता," त्या म्हणाल्या. "आणि परदेशी आहात. तुम्हाला शिकवायला त्यांना आवडेल. प्रश्न फार अवघड नकोत. उत्तर चुकलं तर लाज वाटू नये आणि बरोबर आलं तर त्यातून एखादी आठवण निघावी. मधून मधून तुम्ही स्वतः चुका. लगेच सगळे जागे होतात."

मी हे काम गंभीरपणे घेतलं. अनुवादाच्या कामाइतक्याच शिस्तीनं पुस्तकं काढून बसलो. खरं सांगायचं तर, कित्येक महिन्यांनी मी असं काही करत होतो ज्यात कुणी गेलेलं नव्हतं.

खेळाच्या दिवशी पंधरा-वीस खुर्च्या अर्धगोलात मांडल्या होत्या. सासूबाई पुढच्या रांगेत बसल्या होत्या. केंद्रात मला सगळे मुको-सान म्हणतात, म्हणजे जावईबुवा. मी वसंताच्या सात पालेभाज्या विचारल्या. जानेवारीच्या सातव्या दिवशी इथं त्या पेजेत घालून खातात, कारण जुन्या पंचांगात नवं वर्ष आणि वसंत बरोबरच सुरू होत. मी दोन नावं घेईपर्यंत सगळ्या खोलीनं सातही नावं एका तालात म्हणून टाकली, आपल्याकडे मुलं पाढे म्हणतात तशी. स्वतःच्या घराचा पत्ता न सांगता येणाऱ्या एक आजीसुद्धा म्हणत होत्या.

मग साकुरामोची. चेरीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेली, चिकट भाताची गुलाबी मिठाई. पान खायचं की काढून टाकायचं?

"खायचं!"

"काढायचं! फक्त वासासाठी असतं ते."

मागच्या रांगेत एक आजोबा होते. तरुणपणी ते मालवाहू जहाजावर आचारी होते आणि मुंबई बंदराला दोनदा लागलो होतो असं मला दर भेटीत सांगत. ते म्हणाले, "पान काढून मोची खायची म्हणजे मोजे घालून आंघोळीला बसायचं."

"तुम्ही काय, मोजेही खाल," सासूबाई मागं न बघता म्हणाल्या.

खोली हसली. मी ठरल्याप्रमाणे चुकलो, म्हणालो की खरी साकुरामोची म्हणजे टोकियोची, पातळ धिरड्यात गुंडाळलेली. लगेच चहूकडून आवाज उठले. टोकियोवाल्यांना काय कळतं? ती मोची आहे की पांघरूण? मोचीत भाताचं शीत दिसलं पाहिजे. सासूबाईंनी मला बोट दाखवून सांगितलं, "इतकी वर्षं आमच्या घरात खाताय, आणि हे शिकलात?" त्या दिवशी त्या फार सुंदर दिसत होत्या. त्यांच्या मुलीसारख्या.

पुढचा प्रश्न बाहुल्यांचा. तीन मार्चला मुलींच्या सणासाठी मांडलेल्या बाहुल्या केव्हा आवरायच्या? लगेच दुसऱ्या दिवशी. उशीर केला तर मुलीचं लग्न लांबतं अशी समजूत आहे.

"आमच्याकडे एप्रिलपर्यंत मांडलेल्या असायच्या," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तर हिचं लग्न इतक्या उशिरा झालं. आणि झालं ते यांच्याशी!"

पुन्हा हसणं. मीही हसलो.

"मुलगी असते कुठं आता?" आचारी आजोबांनी विचारलं.

"भारतात. यांच्या आईकडे. आजारी आहेत म्हणे त्या. सोडतच नाहीत तिला."

"आणि जावई इथं?"

"अदलाबदल केली आहे."

"तोट्यात कोण?"

सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अजून ठरलं नाही."

केंद्रातल्या बाई हसता हसता माझ्याकडे बघत होत्या, ठीक आहात ना, असं. मी मान हलवली आणि शेवटच्या प्रश्नाकडे वळलो. तो मला सगळ्यात आवडला होता. भाताचा गोळा, त्याला अझुकी या लाल दाण्याच्या गोड पुरणाचं आवरण. पदार्थ एकच, पण वसंतात त्याला एक नाव आणि शरदात दुसरं, का? वसंतात त्याला बोतामोची म्हणतात, बोतान नावाच्या मोठ्या फुलावरून. शरदात ओहागी, हागीच्या बारीक फुलांवरून. उत्तर सगळ्यांनाच येत होतं. पण या वेळी कुणी ओरडलं नाही.

"हिगान आलाच की," एक आजी म्हणाल्या.

"या वर्षी मला कोण नेणार," दुसऱ्या म्हणाल्या.

दिवस आणि रात्र सारखे होतात तो आठवडा म्हणजे हिगान. त्या आठवड्यात इथली माणसं आपल्या घरच्यांच्या थडग्यावर जातात. आपला पितृपंधरवडा असतो तसं, फक्त वर्षातून दोनदा. बोतामोची त्यासाठीच करतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. ज्या पानावरून मी प्रश्न घेतला त्याच पानावर खाली ते लिहिलेलं होतं. मला दोन फुलांची गंमत दिसली. जन्म इथं गेला असता तर आधी थडगं दिसलं असतं.

सासूबाई ताठ बसल्या. "आमच्याकडून यंदा कुणी गेलंय का? कुणीच नाही. ती तिकडं, आणि यांना कोण सांगणार? मुको-सान, रविवारी जायचं. बोतामोची घेऊन."

ओका-सान, बघू, असं मी म्हणालो. ओका-सान म्हणजे आई. मी त्यांना तेच म्हणतो.

मला भीती होती ती थडग्याच्या दगडाची. सासरे गेले तेव्हा दगडाच्या बाजूला त्यांचं नाव कोरलं आणि त्याच्याशेजारी सासूबाईंचंही. मागं राहिलेल्या जोडीदाराचं नाव असं आधीच कोरून ठेवतात आणि त्या अक्षरांत लाल रंग भरतात. माणूस गेलं की रंग काढून टाकतात. डिसेंबरात, सासूबाई केंद्रात असताना, मी माझ्या बायकोच्या अस्थी तिथं ठेवल्या आणि दगडवाल्यानं तिसरं नाव कोरलं. परदेशी माणसाशी लग्न केलं की इथं मुलीचं आडनाव आपोआप बदलत नाही, त्यामुळं ती आपल्या माणसांत नीट बसली.

संध्याकाळपर्यंत त्या विसरतील असं मी धरून चाललो होतो. त्या सगळंच विसरतात. पण हिगान त्यांच्या आजाराहून फार जुना निघाला. रोज सकाळी त्यांना आठवायचा. मी म्हटलं, पाऊस आहे. त्या म्हणाल्या, छत्री आहे. मी म्हटलं, तुमचे गुडघे. त्या म्हणाल्या, टॅक्सी. मी म्हटलं, मी एकटा जाऊन येतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी रविवारी सकाळी टॅक्सीला फोन केला.

डोंगराच्या बाजूला, बरंच वर, पायरी-पायरीनं थडग्यांचे दगड उभे आहेत आणि खाली सगळं बंदर दिसतं. तिथल्या दारातून बादली आणि पळी घेतली. सासूबाई माझा दंड धरून चढल्या. मी आधीच ठरवलं होतं. बाजूचा भाग मी घासणार, तिथंच उभा राहणार, त्यांना समोरून फुलं लावायला सांगणार. उदबत्ती झाली की लगेच खाली.

"सरका तिकडं," त्या म्हणाल्या. "त्या बाजूला शेवाळ असतं. तुम्ही वरवर घासता."

"मी करतो ना, ओका-सान."

"सरका."

मी सरकलो. त्यांनी ब्रश फिरवला, पळीनं पाणी ओतलं आणि बोटानं अक्षरं पुसू लागल्या. आधी नवऱ्याचं नाव. मग स्वतःचं. मग बोट तिसऱ्यावर गेलं. नव्या अक्षरांच्या कडा अजून धारदार होत्या. त्यांनी ते नाव मोठ्यानं वाचलं, शाळेत हजेरी घेतात तसं.

"हिचं नाव इथं कसं?"

"तिनं आधीच कोरून ठेवलंय," मी म्हणालो. "तुमच्यासारखंच."

त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी लाल आहे. ही लाल नाही."

 मी सांगितलं. ऑक्टोबरात गेली. ऑफिसात कोसळली. त्या दगडाच्या कठड्यावर बसल्या आणि रडल्या, आणि मी बादली खाली ठेवून त्यांच्याशेजारी बसलो आणि रडलो. त्यांच्यादेखत पहिल्यांदाच. दहनाच्या दिवशी मी माणसांना वाकून नमस्कार करत होतो, कागदांवर सह्या करत होतो. नंतर रडलो ते दार लावून.

"मी होते का तेव्हा?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"होता. पहिली अस्थी आपण दोघांनी उचलली."

"रडले का मी?"

"खूप."

"बरं झालं." त्यांनी नाक पुसलं. "नाहीतर तिला काय वाटलं असतं."

मी बोतामोचीचा डबा उघडून दगडासमोर ठेवला. त्यांनी आत वाकून बघितलं. "दुकानातल्या आणल्यात. फार गोड असतात. तिला कमी गोड लागायच्या. मीठ थोडं जास्त घालायचं पुरणात."

"मला माहीत नव्हतं."

"तुम्हाला कसं माहीत असणार. तुमच्यासमोर ती सगळं खायची."

मग त्या बोलत राहिल्या. पहिलीत असताना ती दप्तरासकट ओढ्यात पडली होती ते. भारतीय माणसाशी लग्न करते म्हणाली त्या संध्याकाळी सासरे आंघोळीच्या टबातून दोन तास बाहेरच आले नाहीत ते. मीही सांगितलं, पुण्यात पहिल्यांदा आली तेव्हा माझ्या आईच्या पाया पडताना तिनं चुकून शेजारणीचे पाय धरले होते. सासूबाई हसल्या. उदबत्ती संपून गेली. तो अर्धा तास असेल किंवा जास्त. कुणी काही लपवत नव्हतं.

खाली येताना टॅक्सीत त्यांना झोप लागली. घरी आल्यावर दाराची घंटा वाजली, त्यांनी बूट काढले, आतल्या रिकाम्या घराला नेहमीप्रमाणे "आले बरं का" असं सांगितलं आणि माझ्याकडे वळल्या.

"भारतात आता किती वाजले असतील? हिगानला जाऊन आलो म्हणून कळवा की तिला."

"साडेअकरा," मी म्हणालो. "बाजारात गेली असेल."

"किती दिवस झाले जाऊन. तुमच्या आईंना सांगा, चेरी फुलायच्या आत धाडा म्हणावं."

चेरी फुलून गेली. मे लागला आहे. त्या दिवसाबद्दल मी केंद्रातल्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, वाटलं तर पुन्हा न्या, कुणी काही म्हणणार नाही. दर रविवारी मला ते वाटतं. टॅक्सीचा नंबर मला पाठ आहे. वर गेलो तर मला पुन्हा तसा अर्धा तास मिळेल, हे मी जाणतो. पण मी तिथं जे अनेकदा सोसून झालेलं दुःख घेऊन जाईन ते त्यांना तिथं त्या क्षणी पहिल्यांदा मिळेल. येताना मी हलका होऊन येईन आणि त्या झोपून जातील, कशानं थकलो ते न कळता. त्यांचे डोळे त्या संध्याकाळी सुजलेले होते. आरशात बघून त्या म्हणाल्या होत्या, मला काहीतरी चावलंय.

मी त्यांना पुन्हा नेलेलं नाही. सप्टेंबरात शरदाचा हिगान येईल तेव्हा त्या स्वतःच विचारतील, आणि मला नाही म्हणता येणार नाही. तोवर आईचा फोन रविवारी येत राहील. तिला मी अजून परत येण्याची तारीख दिलेली नाही.

माझी बायको नाही. तिची आई आहे, आणि मी त्या आईजवळ आहे.